देखभालीची वेळ एक ते दोन

एक जूनला आमच्या पुण्याच्या ऑफिसात एकच केक येतो आणि त्याच्याभोवती अकरा जण उभे राहतात. मीही त्यांतलाच. खेड्यात शिकलेल्या आमच्या पिढीला याचं नवल वाटत नाही. शाळेत नाव घालायला बाप नाहीतर चुलता यायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि तो डोकं खाजवायचा. मग गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. आईला विचारायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. ती शाळेपर्यंत आलेली नसायची.

२००७ च्या ऑगस्टमध्ये मी शिरूरला गेलो तो या एक जूनच्याच कामासाठी. तिथल्या एका शिक्षणसंस्थेच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत मिळून सव्वीस शाळा होत्या. पन्नास वर्षांची जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची नोंद असलेल्या त्या लांबलचक वह्या, त्यांनी दोन वर्षं खपून संगणकात भरून घेतली होती. एक लाख चौऱ्याऐंशी हजार नावं. त्यांतली एकसष्ट हजार एक जूनला जन्मलेली. मार्चमध्ये आमच्या कंपनीनं त्यांना नवं मशीन आणि त्यावर डेटाबेसची नवी आवृत्ती बसवून दिली होती. मीच बसवली होती. "आता याच्याकडे कुणी बघायला नको, हा स्वतःची देखभाल स्वतःच करतो," असं मी सचिवांना छाती काढून सांगितलं होतं.

ते खोटं नव्हतं. जुन्या डेटाबेसला माणूस लागायचा. कुठला प्रश्न वारंवार विचारला जातो, त्याचं उत्तर यायला उशीर का होतो, हे बघून माणूस सूची बांधून द्यायचा, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. नवा डेटाबेस हे आपलं आपण करतो. कोण काय विचारतंय याची दिवसभर नोंद ठेवतो. मग दिवसातून एकदा, तासभर, सगळ्यात जास्त वेळा विचारलेले प्रश्न समोर घेतो आणि उद्या त्यांची उत्तरं अधिक चांगली कशी देता येतील ते बघतो. हे काम एरवी रात्री लावतात. पण शिरूरला तेव्हा रात्रीचं भारनियमन होतं आणि संस्थेचा जनरेटर दिवसाच चालायचा, म्हणून मी देखभालीची वेळ दुपारी एक ते दोन लावून दिली. ती जेवणाची सुट्टी होती.

तक्रार आली ती इनामगावच्या ज्योतिबा कोळप्याकडून. एका कारखान्यात नोकरीला लागताना त्यानं शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत काढली. आधीच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख होती एक जून १९७९. नव्यावर आली सोळा फेब्रुवारी १९८०. कारखान्यानं दोन्ही दाखले शेजारी ठेवून त्याला परत पाठवलं.

"संपतराव, जन्मतारीख बदलणं म्हंजी फौजदारी हाय," संस्थेचे सचिव साहेबराव दरेकर मला म्हणाले. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली देवांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो होते आणि काचेवर एक फाइल. "नोकरीसाठी लोक तारखा फिरवून घेत्यात. आत कुणाचा तरी हात असल्याबिगर हे व्हतंय का? मला नाव पायजे. सोमवारी धा वाजता."

नाव त्यांच्या मनात आधीच होतं. फाइलमध्ये प्राची साळवेला कायम करण्याची ऑर्डर सहीसाठी आलेली होती. रजिस्टरात लिहिण्याचा अधिकार असलेली ती एकटीच ऑपरेटर. "सही करायची का पोलिसात द्यायचं, ते तुमच्या रिपोर्टवर," असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली.

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, दूधवाल्यानं माप भरून घातलं तरी मी भांडं हलवून बघतो. आमच्या धंद्यात हा दोष धरत नाहीत. मी मार्चमधली प्रत आणि आजचा डेटा समोरासमोर ठेवला आणि पहिल्याच तासात कळलं की कोळपे एकटा नाही. चारशे बारा तारखा बदलल्या होत्या. सगळ्या आधी एक जून होत्या. कुणी बदलल्या, त्या रकान्यात काहीच नव्हतं. वेळ मात्र होती, आणि चारशे बाराच्या चारशे बारा तारखा दुपारी एक ते दोनमध्येच बदललेल्या होत्या.

कुठंतरी पाणी मुरत होतं. डेटाबेस स्वतःचं काम करत असताना त्याच्या आडून काही करणं सोपं असतं, पण त्यासाठी देखभालीची वेळ ठाऊक हवी. शिरूरच्या त्या ऑफिसात ती दोघांनाच ठाऊक होती. मला आणि प्राचीला.

प्राची वडगाव रासाईहून रोज एसटीनं यायची. पंचवीस वर्षांची, बारीक, कमी बोलणारी. तिच्या कामात मला चूक सापडत नव्हती आणि त्यामुळे माझा संशय वाढत होता. बाकीची मंडळी जेवायला मागच्या खोलीत जायची तेव्हाही ती मशीनसमोरच बसलेली असायची. मी जवळ गेलो की ती पडदा बदलायची.

बुधवारी मी संस्थेची जीप घेऊन इनामगावला गेलो. गावापासून लांब, घोड नदीच्या बाजूला कोळप्यांची वस्ती. पूर्वी मेंढरं राखणारी माणसं, आता ऊस आणि कांदा. ज्योतिबा रानात कामाला गेला होता. त्याची आई तानुबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तारीख बदलून घ्यायला कुणाला भेटलात, असं मी तिला दरडावूनच विचारलं.

"आमी कशाला बदलून घेऊ?" ती म्हणाली. "हाताशी आलेली नोकरी चाललीया पोराची."

"मग सोळा फेब्रुवारी एकोणीसशे ऐंशी ही तारीख कुठून आली?"

"मला तारका कळत न्हाईत बाबा."

मला एकदम आठवलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि त्या दुपारी आम्हा पोरांना घरात कोंडून ठेवलं होतं. "त्या दिवशी सूर्यग्रहण होतं," मी म्हणालो.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं सुनेला हाक मारून विहिरीवर पाठवून दिलं.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"कागदावर आहे."

"कागदावर कसं आसंल? म्या ह्येच्या बापाला बी बोलले न्हाई." तिचा आवाज खाली आला. "भीमेच्या कडंला उतरलो व्हतो. भर दुपारचं अंधारून आलं. मेंढरं अंगाला अंग लावून हुभी. सगळी बाप्ये तिकडंच बगत व्हती आन् मी पालात एकली. गिरनात जलमला म्हणल्यावर पोराला लोक काय काय लावत्याल. म्हणून गिरन सुटून उजाडल्यावर झाला म्हणून सांगितलं. शाळंत घालाया सासरा गेला. त्येला तारीख म्हाईतच न्हाई, मग त्यो काय सांगनार?"

"मग आता कुणाला सांगितलंत?"

"इचारलं म्हणून सांगितलं." तिनं पुढची शेंग फोडली. "पेरणीच्या आदी. मी भाकरी थापीत व्हते. मागनं कुणीतरी म्हणलं, 'कवा?' एवढंच. हात पिठात व्हता, मी वळले न्हाई. पर कशाबद्दल इचारलं ते मला बराबर कळलं. सत्तावीस सालं कुणी इचारलं नव्हतं, सांगून टाकलं. मग बगितलं तर दारात कुणी न्हाई."

"आवाज बाईचा होता की पुरुषाचा?"

"ते ध्यानात न्हाई."

"वेळ काय होती?"

"जेवाणाची."

मला ते थोतांड वाटलं. प्राचीनं गावोगाव माणूस ठेवला असणार, तो म्हाताऱ्यांना बोलतं करतो आणि ती तारखा भरते. का, ते मला सुचत नव्हतं, पण कसं ते ठरलं होतं. खात्रीसाठी मी ज्योतिबाची तारीख बदलली त्याच दिवशी, म्हणजे अकरा जूनला, बदललेली दुसरी ओळ काढली. वरवंडच्या एका मुलीची. इनामगावहून वरवंड पन्नासेक किलोमीटर. तिची आई रंगुबाई हायवेलगत भाजीचा गाळा चालवायची. ट्रकांच्या आवाजात मला दोनदा विचारावं लागलं.

"व्हय, आलं व्हतं कुणीतरी," ती कोथिंबिरीवर पाणी मारत म्हणाली. "मी जुड्या बांधत व्हते, मान खाली. 'कवा?' म्हणलं. ना नाव, ना गाव. म्हणलं, नागपंचमीचा दुसरा दिवस, सकाळी कोंबडा आरवायला. वर बगते तर कुणीच न्हाई."

पंचांग काढून मी त्या वर्षीच्या नागपंचमीचा दुसरा दिवस पाहिला. डेटाबेसमध्ये तीच तारीख होती. इनामगावची ओळ एक वाजून वीस मिनिटांनी बदलली होती आणि वरवंडची एक बावीसला. माझा गावोगाव फिरणारा माणूस तिथेच संपला. परतताना न्हावऱ्याच्या चौकात चहाला थांबलो तेव्हा गावी आईला फोन करावा असं मनात आलं. माझीही कधीतरी एक खरी तारीख असणार. मी फोन केला नाही. आधी हातातलं काम, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली होती.

गुरुवारी मी डेटाबेसचा स्वतःचा अहवाल उघडला. देखभाल झाली की तो रोज एक अहवाल लिहून ठेवतो आणि तो सहसा कुणी वाचत नाही. पहिल्या ओळीत असतो सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न. मार्चपासून रोज तिथं एकच प्रश्न होता. प्राची चांगदेव साळवे, आईचे नाव आक्काबाई, हिची जन्मतारीख काय? आतापर्यंत एक हजार नऊशे बारा वेळा. विचारणारी प्राचीच. उत्तर दर वेळी एक जून १९८२.

त्याच्यापुढे डेटाबेसचा शेरा होता. मराठीत सांगायचं तर, 'उत्तर असमाधानकारक. सुधारणा चालू.'

मी असे शेकडो अहवाल वाचले आहेत. उत्तराला वेळ किती लागला, एवढंच त्यांत असतं. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळायचं काही कारण नाही. पण मी त्या शेऱ्यावर थांबलो नाही. मला हवं ते वर मिळालं होतं, तिचं नाव.

शुक्रवारी सकाळी मी तो कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं तो वाचला आणि पदराची किनार बोटाला गुंडाळायला लागली.

"मी फक्त बघते, सर. बदलत न्हाई."

"दोन हजार वेळा?"

"माझी नोंद मीच भरली. त्या ओळीत आईचं नाव आन् माझं नाव शेजारी येतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "बाकी कुठंच न्हाई येत. रेशन कार्डावर न्हाई, फोटो तर न्हाईच. मला जन्म दिला आन् काही दिवसांत गेली ती. म्हणून उघडून बघायचे. मग एप्रिलमध्ये कळलं की बाकीच्यांच्या तारखा बदलायला लागल्यात."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं तुम्ही." हे तिनं सरळ सांगितलं. "मी त्या नावांची चौकशी केली, सर. ज्यांच्या बदलल्या त्या सगळ्यांच्या आया हयात हायत. एक बी अशी न्हाई जिची आई गेलीय. म्हंजी माझी बदलायची न्हाई, मला कळतंय ते. तरी बघते."

मी ती चारशे बारा नावं तपासू शकलो असतो. तपासली नाहीत. बारा वाजता मी साहेबरावांना सांगितलं की नोंदीत सगळ्यात वर तिचंच नाव आहे. त्यांनी तिला तिथल्या तिथं घरी पाठवलं आणि सोमवारी वडिलांना घेऊन यायला सांगितलं. जिना उतरताना ती एकदाच थांबली आणि कठडा धरून पुढे गेली. वरून मी बघत होतो आणि मला माझी लाज वाटली, पण अहवाल लिहायला मी त्याच दुपारी बसलो.

शनिवारी सकाळी मी आधी एक काम केलं. प्राचीचा अधिकार काढून टाकला. मग मशीनला बाहेरून येणारी वायर उपसून टेबलावर ठेवली. आता त्या डेटाबेसपर्यंत पोचायचं तर त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसावं लागणार होतं. खुर्चीवर मी होतो. आज काही बदललं नाही की तिचा हात होता हे सिद्ध, असा माझा हिशोब होता. अर्धा दिवस असल्यामुळे बाकीचे साडेबाराला निघून गेले. मी दाराला आतून कडी लावली, तिची ओळ पडद्यावर आणली आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

खाली जनरेटर चालू होता. खोलीतल्या एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. एक वाजला.

रोज या वेळी तीन-चार ओळी बदलायच्या. त्या दिवशी एकही बदलली नाही. सव्वा झाला. मशीन मात्र कामात होतं, त्याच्या पंख्याचा आवाज चढत चालला होता. मोजणी पाहिली तर सगळी ताकद एकाच प्रश्नावर लागलेली. तिच्या.

दीडच्या सुमाराला वास आला. आधी वाटलं, खाली कुणी शेकोटी केली असेल. पण भर ऑगस्टमध्ये शेकोटी कोण करणार? वास ओव्याचा होता, निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्याचा, त्यात वेखंड आणि तेल. आमची धाकटी झाली तेव्हा घरात दीड महिना हाच वास होता. बाळंतिणीच्या खोलीचा.

मी उठून खिडकी बघितली. बंद होती. दाराची कडीही होती तशीच.

परत येऊन बसलो तर पंखा थांबला होता.

एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

पडद्यावर आईचं नाव तेच होतं. मुलीचं नावही तेच. जन्मतारीख होती तेवीस ऑक्टोबर १९८२.

मी कुठेही बोट लावलं नव्हतं. दोन वाजता अहवाल आला. पहिल्या ओळीतला प्रश्न तोच होता. शेरा बदलला होता. 'सुधारणा पूर्ण.'

देखभालीची सगळी व्यवस्था मी त्याच वेळी बंद केली. एकेक खूण काढून, दोनदा तपासून, शेवटी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग प्राचीवर लिहिलेला अहवाल फाडला. दुसरा लिहिला. जुन्या रजिस्टरांतून माहिती आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोष होता, तो आमच्या कंपनीचा. ऑपरेटरचा काही संबंध नाही. यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

रविवारी वडगाव रासाईला गेलो. बौद्धवस्तीतलं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, दारात भीमेच्या बाजूनं येणारा वारा. प्राचीचे वडील चांगदेव दौंडला रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त. नोकरीचं काय झालं हे विचारायची दोघांनाही हिंमत होत नव्हती, म्हणून मीच आधी सांगितलं की ती सोमवारपासून कामावर आहे. म्हातारा खाटेवर बसला आणि डोळे पुसायला लागला. मग मी कागदाचा तुकडा प्राचीच्या हातात दिला.

तिनं तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"आप्पा, ही बरोबर हाय का?"

"मला काय ठावं?" चांगदेव म्हणाले. "मी सोलापूरकडं लाइनीवर व्हतो. निरोप लागला तवा म्हयना उलटला व्हता. आक्काबाई न्हवती आन् तू शेजारणीच्या मांडीवर. जिनं बाळंतपण केलं ती म्हातारी बी दुसऱ्या साली गेली. कवा झाली, ते मी कुणाला इचारलंच न्हाई." त्यांनी खाटेची सैल दोरी ओढून सारखी केली. "इचारायला पायजे व्हतं."

"कुठनं आली सर ही?" प्राचीनं मला विचारलं.

मी सांगितलं की मला माहीत नाही. ती मान हलवत राहिली.

"तिलाच विचारलं असणार," ती म्हणाली. तिनं तो कागद घडी करून मुठीत धरला आणि चहा टाकायला आत गेली.

ही एक तारीख मला तपासता येत नव्हती. ती सांगू शकेल असं जिवंत कुणी नव्हतं. वाटेत हीच गोष्ट मी मनात घोळवत होतो. तपासता येत नाही म्हणजे ती चूकही असू शकते, एवढाच काय तो माझ्याकडे आधार होता.

सोमवारी दहाला साहेबरावांनी माझा अहवाल वाचला, कंपनीला चार शब्द सुनावले आणि ऑर्डरवर सही केली. प्राचीनं दोन्ही हातांनी कागद घेतला. मी मशीनची वायर पुन्हा जोडली आणि तिचा अधिकार तिला परत दिला. दुपारपर्यंत तिनं नेहमीसारखे दाखले काढले, आणि तिची ओळ तिनं दिवसभरात एकदाही उघडली नाही. तिला आता विचारायचं काही उरलं नव्हतं. मी चारच्या गाडीनं निघणार होतो, पण एक ते दोन मला तिथं थांबायचं होतं. देखभाल बंद होती. एकाही तारखेला धक्का लागत नव्हता. दीडला मी पाय पसरले. बाकीचे मागच्या खोलीत जेवत होते आणि प्राची माझ्या शेजारी साठलेले अर्ज लावत होती.

दोन वाजता सवयीनं मी त्या तासाभरातले प्रश्न काढले. जेवणाची सुट्टी होती, एकही नसायला हवा होता.

साठ होते.

दर मिनिटाला एक. विचारणाऱ्याचं नाव नाही. कुठल्या मशीनवरून, ते नाही. आमच्या सगळ्या रकान्यांची नावं इंग्रजीत आहेत. या प्रश्नात रकान्याचं नाव मराठीत होतं, आणि असा रकाना आमच्याकडे नाही, म्हणून डेटाबेसनं साठही वेळा तसंच उत्तर दिलं होतं. 'चूक: हा रकाना अस्तित्वात नाही.'

साठही प्रश्न एकाच नावाबद्दल होते. प्राची चांगदेव साळवे. विचारलेला रकाना होता, 'जेवली का'.

मी पडदा बदलायला गेलो, पण तिनं वाचलं होतं. अर्ज बाजूला सारून तिनं पिशवीतून डबा काढला, मशीनसमोरच उघडला आणि मान खाली घालून जेवायला लागली. भाकरी, कारळ्याची चटणी. पडद्यावर एकसष्टावा प्रश्न आला, बासष्टावा आला. त्रेसष्टावा आला नाही. मी पाच मिनिटं वाट पाहिली.

असं कुणी नको तिथून जोडलेलं असलं की ते तोडायचं, हे माझं रोजचं काम. मी या घटकेला कोण कोण जोडलेलं आहे ती यादी काढली. पहिल्या ओळीत मी. दुसऱ्या ओळीत प्राची. तिसऱ्या ओळीत नाव नव्हतं. त्यापुढे स्थिती होती, 'जोडलेले, वाट पाहत आहे.' तोडायला एक कळ दाबायची असते. मी बोट कळीवर ठेवलं आणि आधी शेवटचा रकाना वाचला, केव्हापासून जोडलेले, तो.

मार्चमध्ये हे मशीन मी खोक्यातून काढून बसवलं होतं. शनिवारी मीच ते बंद करून पुन्हा चालू केलं होतं.

त्या रकान्यात तारीख होती तेवीस ऑक्टोबर १९८२.

मी बोट उचललं.